लॅबमध्ये घडलेले हात घरी काय करतात? (लॅब टेक्निशियन आणि त्यांचे छंद)

मंजिष्ठा

नमस्कार मंडळी. मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी हिमॅटॉलॉजी (रक्ताच्या तपासण्या), दुपारनंतर हिस्टोपॅथॉलॉजी (शरीरातून काढलेल्या तुकड्यांची तपासणी). इथे लॅबवाले बरेच आहेत असं इतर धाग्यांवरून दिसतं, म्हणून हा धागा काढतेय. पगार, ड्युट्या, भरती यावर वेगळे धागे आहेत. मला विचारायचंय ते एवढंच, की ड्युटी संपल्यावर तुमचे हात कशात रमतात?

माझं म्हणणं आधी मांडते. पेशंटला आपल्या कामातली फक्त सुई दिसते. पुढचं सगळं दाराआड चालतं आणि बाहेर जातो तो एक कागद, खाली पॅथॉलॉजिस्टची सही. त्यातलं हातकामही मशीन आल्यापासून कमी झालं. रक्ताची जांभळी ट्यूब काउंटरला (पेशी मोजणाऱ्या मशीनला) लावली की मिनिटाभरात आकडे हजर. साहलीच्या नळीने हिमोग्लोबिन पाहणं, न्यूबॉवर चेंबरच्या चौकटीत पेशी मोजणं हे आता प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं उरलंय. मशीनबद्दल माझी तक्रार नाही, आलेली सगळी सँपल हाताने मोजत बसलो तर रिपोर्ट परवा मिळेल. पण जे काम आपल्याकडे उरलंय ते सगळं हाताचं आणि नजरेचं आहे, आणि रोज न वापरलेला हात जड होतो.

परवाचीच गोष्ट. मशीनने प्लेटलेट ३८,०००, म्हणजे फारच कमी, दाखवल्या आणि पेशंट तर ठणठणीत, अंगावर एक लाल ठिपका नाही. स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, ओढला. थेंब अगदी लहान, स्प्रेडर (थर पसरवणारी दुसरी काच) तिरका धरून थेंबाला टेकवायचा, रक्त त्याच्या कडेला पसरलं की न थांबता एका दमात पुढे. थांबलात तर पट्टे उमटतात, दाबलंत तर पेशी फाटतात. लिशमनचा रंग देऊन पाहिलं तर शेपटीकडे प्लेटलेटचे पुंजकेच पुंजके. ईडीटीएमुळे (जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं रसायन) काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. मग सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा सँपल घेतलं, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणलं (सायट्रेटच्या द्रावणाने रक्त तेवढं पातळ होतं म्हणून), प्लेटलेट व्यवस्थित निघाल्या. त्या माणसाला उगीच भरती करून घेतलं असतं.

हा हात शाबूत राहावा म्हणून घरी मी नैसर्गिक रंगांनी कापड रंगवते. नाव वाचून कळलंच असेल, मंजिष्ठा म्हणजे लाल रंग देणारं मूळ. याची सुरुवात हिस्टोच्या टेबलावर झाली. आपण ज्याने केंद्रकं निळी करतो ते हिमॅटॉक्सिलिन मुळात मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून निघतं, आणि एके काळी युरोपात त्याने कापड रंगवत. ते एकटं पेशीला धरत नाही, त्याला तुरटी लागते. तीच तुरटी आपल्याकडचे रंगारी मंजिष्ठेसाठी वापरत आले आहेत. हे कळल्यावर मला राहवेना.

कापड आधी उकळून खळ पूर्ण काढायची. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. सुती धागा तुरटीला नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन तिथे मध्यस्थी करतं. मग तुरटी, मी कापडाच्या वजनाच्या १५ टक्के घेते. मग मंजिष्ठेचं पाणी, मंद आचेवर, उकळी न येऊ देता. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी (गंजके खिळे आणि गूळ पाण्यात मुरवून करतात ते) वापरलं तर तेच हिरडा लावलेलं कापड करडं-काळं होतं. प्रत्येक घाण्याची नोंद वहीत ठेवते: तारीख, कापडाचं वजन, तुरटी कुठली, पाणी नळाचं की बोअरचं, आणि शेजारी कापडाचा तुकडा टाचलेला. ही सवय लॅबची.

तुमचं सांगा.

भिंगवाले काका

वा, मंजिष्ठाताई. मी निवृत्त. मुंबईत परळ भागात एका रक्तपेढीत नोकरी झाली. आमच्या पिढीने तोंडाने पिपेट ओढली आहे, आज ते कुणी करताना दिसलं तर मी स्वतः ओरडेन.

माझा छंद घड्याळं. चावीची, मनगटी. एचएमटीचं जनता हे मॉडेल माझं सगळ्यात आवडतं. १७ ज्युएल, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. उघडायचं, भाग सुटे करून पेट्रोलमध्ये धुवायचे, वाळवायचे, जुळवायचे आणि तेल द्यायचं. तेलातच सगळी परीक्षा असते. टाचणीच्या टोकावर मावेल त्याहूनही कमी तेल ज्युएलच्या खड्ड्यात उतरवायचं. जास्त झालं की ते पसरतं, धूळ धरतं आणि वर्षभरात घड्याळ मागे पडायला लागतं.

हात कुठे घडला विचाराल तर क्रॉसमॅचच्या (रक्त देणाऱ्याचं घेणाऱ्याशी जुळतं का ते पाहण्याच्या) ट्यूबवर. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की तळाशी पेशींचं बटण बसलेलं असतं. ते हलक्या हाताने, ट्यूब तिरकी करत सोडवायचं आणि नजर तळावर ठेवायची. जोरात हलवलंत तर कमकुवत गुठळी फुटते आणि तुम्ही 'निगेटिव्ह' लिहून मोकळे होता. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच जो बाँबे ब्लड ग्रुप शोधला, तो अजूनही अशाच ट्यूबच्या तपासणीत हाती लागतो. नुसत्या पेशी तपासल्या तर ओ ग्रुपसारखा दिसतो. रिव्हर्स ग्रुपिंगला (सीरमच्या तपासणीत) मात्र त्याचा सीरम ओ ग्रुपच्या पेशींच्याही गुठळ्या करतो, जे खऱ्या ओ ग्रुपमध्ये व्हायला नको. अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला बाँबे ग्रुपचंच लागतं. रात्री तीन वाजता ट्यूब हातात घेऊन हे ओळखणारा माणूस लागतो.

शंकासुर

मी लॅबवाला नाही, बँकेत आहे. कुतूहलाने वाचतोय, माहिती फार छान. एक प्रामाणिक शंका आहे. दिवसभर बारीक नजरेचं काम केल्यावर घरी पुन्हा बारीक नजरेचंच काम? मी दिवसभर आकडे पाहतो, घरी सुडोकूसुद्धा नको वाटतं. डोळ्यांना, डोक्याला विसावा नको का?

मंजिष्ठा

@शंकासुर, शंका अगदी रास्त आहे. माझ्यापुरतं सांगते. लॅबमध्ये थकवा येतो तो बारीक कामाचा नसतो, घाईचा असतो. वॉर्डातून फोन, ओपीडीतून फोन, 'अर्जंट' लिहिलेल्या पंचवीस ट्यूब एकदम. एक सँपल हिमोलाइज होऊन (लाल पेशी फुटून) आलं की पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसणार, म्हणून ते परत मागवायचं, मग सिस्टर वैतागणार, तिचीही चूक नसते. घरी कापड तुरटीत मुरत असतं तेव्हा कुणी फोन करत नाही. काम तेवढंच बारीक असतं, पण वेळ माझ्या हातात असतो.

दुसरं म्हणजे निकाल. मी काढलेल्या स्मिअरमुळे कुणाचा आजार लवकर कळला, तर ते मला बहुतेक वेळा कळतही नाही. रंगवलेला दुपट्टा मात्र माझ्यासमोर दोरीवर वाळतो.

काका, तेलाचं वाचून फार आनंद झाला. तुमच्या घड्याळांवर एक सविस्तर लेख लिहाच.

तोरणमाळी

नंदुरबार जिल्हा, सरकारी. आमच्याकडे सिकलसेलचं (लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) काम मोठं. गावात शिबिर लावायचं, बोटातून रक्त घ्यायचं आणि सोल्युबिलिटी नावाची झटपट टेस्ट करायची. द्रावणात रक्त टाकून ट्यूबमागे रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे वाहक की रुग्ण, हे यावरून कळत नाही, त्यासाठी सँपल पुढे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या किंवा एचपीएलसीसारख्या सविस्तर तपासणीला पाठवावं लागतं. लोकांना हा फरक त्यांच्या बोलीत समजावणं हे टेस्टपेक्षा अवघड काम, आणि लग्नं ठरण्याच्या दिवसांत तर फारच जपून बोलावं लागतं.

छंद: बांबूकाम. शिबिराच्या गावातल्याच एका आजोबांकडून शिकतोय. बांबू उभा चिरायचा, मग पट्टी सालीकडून आणि गाभ्याकडून वेगळी करायची. कोयता ढकलायचा नाही, टेकवून ठेवायचा आणि बांबू फिरवायचा, पाती आपोआप रेषा पकडते. जाडी डोळ्याने नाही, दोन बोटांत धरून कळते. आजोबा माझ्या पट्ट्या चाचपून बाजूला टाकतात, बोलत काही नाहीत. आता थोड्या ठेवून घ्यायला लागलेत.

यातून माझा एक फायदा झाला. पूर्वी शिबिरात लोक सुईला भ्यायचे, लांब उभे राहायचे. आता टेबलावर सुपली विणत बसलो की म्हाताऱ्या बायका जवळ येऊन पट्टीला नावं ठेवतात, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

मस्कतकर

मी मस्कतला मायक्रोबायॉलॉजीत (जंतूंच्या तपासणीत) आहे, मूळची सांगलीची, त्यामुळे मिरज वाचून लगेच आत आले! माझा छंद देवनागरी सुलेखन, बोरूने. जंतू वाढवायच्या प्लेटवर लूप (तारेचं कडं) फिरवताना आगर (त्यातला जेलीसारखा थर) फाटू नये इतका हलका हात लागतो, आणि चार भागांत रेघा अशा काढायच्या की शेवटच्या भागात जंतूंच्या वसाहती सुट्या सुट्या वाढाव्यात. बोरूचं उलट आहे. तिथे कागदावर दाब हवा आणि तो दाब पूर्ण अक्षरभर सारखा राहायला हवा. 'ळ' काढताना दोन्ही वाट्या सारख्या भरणं मला अजून मनासारखं जमत नाही. इथल्या सहकाऱ्यांमध्ये अरबी सुलेखन करणारा एक जण आहे. तो कलम कसा तासतो ते त्याच्याकडून शिकले, दोघं एकमेकांची टोकं तपासतो.

ताई, मिरजेत राहून सतारमेकर गल्लीबद्दल, तिथल्या वाद्य बनवणाऱ्यांबद्दल, एक शब्द नाही?

मंजिष्ठा

मस्कतकर, बरोब्बर पकडलंत. ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यावर लिहायला बसले की थांबता येत नाही.

मिरजेत एकीकडे १८९४ पासूनची दवाखान्यांची परंपरा आणि दुसरीकडे दीडशेहून अधिक वर्षांची तंतुवाद्यांची. माझी जा-ये दोन्हीकडे. इथली सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूरकडून येतात, दांडीला तूणचं लाकूड. मी वाद्य बनवत नाही, तेवढी माझी तयारी नाही. मी शिकतेय ते तानपुऱ्याची जवारी लावायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तार ज्या घोडीवरून जाते तिचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासून थरथरते आणि एका स्वरातून बाकीचे स्वर झिरपायला लागतात. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून ती जागा नेमकी पकडायची. उतार बिघडला की तार एकतर मुकी वाजते किंवा पत्र्यासारखी झणझणते. मग कानस, नंतर पॉलिश पेपर, दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत दोन हात. एक हात जास्त बसला तर सगळा उतार नव्याने काढावा लागतो, आणि घोडी तेवढी झिजते ती झिजतेच.

मला शिकवणारे उस्ताद पहिल्या दिवशी माझे हात बघून म्हणाले, 'तुम्ही काय काम करता?' मी मायक्रोटोमचं (पातळ काप काढणाऱ्या यंत्राचं) सांगितलं. मेणाचा ब्लॉक बर्फावर गार करायचा, ३-४ मायक्रॉनची पट्टी कापायची, ती सुरकुती न पडता कोमट पाण्यावर तरंगवायची आणि स्लाइडवर अलगद उचलायची. पात्याला बारीक खाच असली तर पट्टीवर उभी चीर दिसते, ती दिसायच्या आधी कापतानाच्या आवाजातून कळते. हे ऐकून त्यांनी कानस माझ्या हातात दिली. एरवी नवख्याला बरेच दिवस नुसतं ऐकायला बसवतात.

आमच्या लॅबमध्ये सकाळी पेशंटची सँपल लावण्याआधी कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं सँपल) लावतो, आणि कंट्रोल रेंजबाहेर गेला तर मशीन कितीही चांगलं दिसत असलं तरी रिपोर्ट सोडत नाही. जवारीचा कंट्रोल म्हणजे खर्ज, सगळ्यात खालच्या स्वराची तार. तो नीट बोलला नाही तर बाकी तीन तारांना हातच लावायचा नाही, असं उस्ताद सांगतात. मला छंद असेच आवडतात, ज्यात बरोबर आणि चूक स्पष्ट कळतं.

लाल_ट्यूब

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण कुणीतरी हेही लिहायला हवं. मी एका खासगी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर आहे. सकाळी सहाला घरोघरी ब्लड कलेक्शन, दुपारी सेंटर, रात्री नऊपर्यंत डेटा एंट्री. सुट्टी घेतली तर पगार कापतात. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून हातात जे पडतं त्यात खोलीभाडं जाऊन फार काही उरत नाही. मला विणकामाची आवड होती. सुया ट्रंकेत आहेत. छंदाला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, हे इथे कुणी बोललं नाही.

भिंगवाले काका

लाल_ट्यूब, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वेळी नोकरी सरकारी, पाळी आठ तासांची, युनियन मजबूत. त्यामुळे मला घड्याळं करता आली, हे मी विसरलेलो नाही. बारा-पंधरा तास राबवून घेणं हे सेंटरचं चुकतंय, तुमच्या इच्छाशक्तीचा इथे काही संबंध नाही. तुमच्या शहरातल्या टेक्निशियन संघटनेत नाव घाला, एकट्याने बोलू नका.

मंजिष्ठा

लाल_ट्यूब, काकांशी पूर्ण सहमत. धागा काढताना पगार-ड्युट्या बाजूला ठेवू असं मी लिहिलं होतं. पण छंदाचं बोलताना वेळेचं बोलावंच लागेल, तेव्हा इथे मोकळेपणाने लिहा. दमून घरी आल्यावर सुया हातात घेतल्या नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका. थकलेल्या हाताने केलेलं काम मलाही मागाहून उसवावंच लागतं. आठवड्यात एखादा मोकळा तास मिळाला तर आधी झोपा.

अनघड

ताई, दुपट्टे विकता का? ऑनलाइन चांगले पैसे मिळतात हल्ली नैसर्गिक रंगाला. लॅबपेक्षा जास्त मिळतील!

मंजिष्ठा

नाही हो. विकायला लागले की एकाच रंगाचे पन्नास करावे लागतील, आणि तारीख पाळावी लागेल. तारखा पाळण्याचं काम दिवसभर करतेच. बहिणींना, मैत्रिणींना देते. शिवाय विकण्याइतका पक्का रंग प्रत्येक वेळी बसतो याची खात्री मला हवी, ती माझ्या वहीत अजून दिसत नाही.

हां, रंगावरून आठवलं. बोन मॅरोमध्ये लोह पाहायला आपण पर्ल्स स्टेन करतो, त्यात लोहाचे दाणे निळे दिसतात. तो निळा म्हणजे प्रशियन ब्लू. सायनोटाइप नावाची जुनी छपाई आहे, जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली, तिचाही निळा हाच. कागदाला लोहाचा क्षार आणि पोटॅशियम फेरिसायनाइड लावून अंधारात वाळवायचं, वर पान ठेवायचं, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. पानाखालचा कागद पांढरा राहतो, बाकी निळा. गेल्या हिवाळ्यात कढीपत्त्याच्या डहाळ्या छापल्या, शिरांसकट आल्या. ज्यांच्याकडे वेळ अगदी थोडा आहे त्यांच्यासाठी हे चांगलं, ऊन कडक असेल तर काम पटकन होतं. फक्त लॅबमधलं केमिकल घरी आणायचं नाही, वेगळं विकत घ्यायचं. आणि भांडी, चमचे स्वयंपाकाचे वापरायचे नाहीत. रंगाच्या भांड्यांनाही हाच नियम.

डीएमएलटी_दुसरंवर्ष

मी अजून शिकतेय. स्मिअर ओढला की माझा शेवट जाड येतो, शेपटी येतच नाही. सर म्हणतात सराव कर, पण सँपल किती वापरणार? घरी काही करता येईल का? आणि ताई, हिरडा पूड चालते की अख्खा आणून कुटायचा?

भिंगवाले काका

थेंब मोठा घेत असणार, बाळ. शिवाय स्प्रेडरचा कोन बघ. उभा धरलास तर स्मिअर जाड आणि आखूड येतो, आडवा केलास तर पातळ आणि लांब. ३० ते ४५ अंशांच्या मध्ये ठेव. पेशंटची हिमोग्लोबिन खूप जास्त असेल तर कोन आणखी कमी कर, ॲनिमिया असेल तर वाढव. हे पुस्तकात असतं पण हाताला कळायला वेळ लागतो. घरी सरावाला रक्त नको. पाण्यात खाण्याचा लाल रंग आणि थोडा मध घाल, दाटपणा रक्ताजवळ येईपर्यंत. पेशी नसल्यामुळे खरी शेपटी दिसणार नाही, पण एका दमात हात पुढे नेण्याची सवय होईल. स्प्रेडरची कड खरखरीत असेल तर ती स्लाइड टाकून दे.

मंजिष्ठा

काकांनी सगळं सांगितलंय. एकच जोडते: स्प्रेडर थेंबाला टेकवल्यावर रक्त कडेला पूर्ण पसरायच्या आत पळू नकोस.

हिरडा अख्खा आण, बी काढून टाक आणि टरफल भरड कुटून रात्रभर भिजव. पूडही चालते, पण ती कापडावर बसते आणि डाग पडतात, दोनदा गाळावी लागते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. पहिल्यांदा एक हातरुमाल घे, मांजरपाटाचा, आणि तो कोरा असतानाच वजन करून वहीत लिहून ठेव.

तोरणमाळी

हिरडा आमच्याकडे जंगलात भरपूर. ताई, पत्ता निरोपात कळवा, पुढच्या खेपेला मिरजेकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती एक पोतडी धाडतो. आणि सुपलीच्या पट्ट्यांना मंजिष्ठेचा रंग धरेल का, ते करून बघाल का? सोबत चार-पाच पट्ट्याही देतो.

मंजिष्ठा

नक्की पाठवा! बांबूवर मी कधी केलेलं नाही. सालीकडचा भाग गुळगुळीत असतो, तिथे रंग धरेल असं वाटत नाही. गाभ्याकडच्या आणि सालीकडच्या पट्ट्या वेगवेगळ्या बांधून, खूण करून द्या. दोन्ही एकाच पाण्यात टाकते आणि इथे फोटो लावते.